जुन्या गाडीचं इग्निशन पावसाळ्यात कोरडं कसं ठेवायचं? (फियाट ११०० डिलाइट, १९६८)

एरंडवणेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आजोबांनी घेतलेली १९६८ची फियाट ११०० डिलाइट आमच्याकडे अजून चालती आहे, नुसती झाकून ठेवलेली नाही, अधूनमधून बाहेर निघते. थंडी-उन्हाळ्यात अर्ध्या सेल्फला उठते. जून संपला की मात्र रडारड सुरू. धो धो पावसाचा तेवढा त्रास नाही, पण पुण्याची ती दिवसभराची भुरभूर आणि रात्रभर मुरलेली ओल, त्यानं सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं. उठली तर मिसिंग करते, दोन सिलिंडरवर चालल्यासारखी हादरते आणि डेक्कनला पोचेपर्यंत आपोआप सुरळीत होते. पेट्रोल येतंय, कार्बुरेटर साफ आहे, बॅटरी आणि प्लग नवे आहेत. म्हणजे घोळ करंटचाच.

सल्ले दोन मिळालेत आणि ते एकमेकांच्या बरोबर उलट आहेत. एक मिस्त्री म्हणतात डिस्ट्रिब्युटरची (एकेका प्लगला करंट वाटणारा भाग) कॅप सगळीकडून सिलिकॉन लावून सीलबंद करून टाका, पाणी आत जायचा प्रश्नच मिटला. दुसरे म्हणतात सील अजिबात करू नका, गाडी मरेल. दोघंही अनुभवी आहेत. गाडी मूळ स्थितीत ठेवायची आहे, पॉइंट-कंडेन्सर (ठिणगीसाठी करंट जोडतोडणारी जुनी यांत्रिक व्यवस्था) काढून इलेक्ट्रॉनिक बसवायचं नाहीये, एवढं आधीच सांगतो. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

नानापेठी

कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरून करंट वाटणारा तुकडा), वायरसेट बदला. नाना पेठेत अर्ध्या तासाचं काम आहे. सील वगैरे काही नको.

दोनचारचाकी

डब्ल्यूडी-४० मारा, विषय संपला. माझ्या पद्मिनीला वर्षानुवर्षं हेच करतोय. कॅप उघडायची, आतून-बाहेरून एक फवारा, कॅप लावायची आणि सेल्फ.

पाऊण_व्होल्ट

@दोनचारचाकी, फवारा मारून लगेच सेल्फ मारू नका हो, खरंच सांगतो. त्या फवाऱ्यातली वाफ पेट घेणारी असते आणि कॅपच्या आत रोटर आणि पितळी टोकांच्या मध्ये ठिणगी उडतच असते, ते तिचं कामच आहे. वाफ आत कोंडलेली असताना ठिणगी पडली तर कॅप फुटते. मारायचंच असेल तर कॅप उघडी ठेवून पाच-दहा मिनिटं उडू द्या, फडक्यानं पुसा आणि मग लावा. शिवाय ते पाणी हटवायला चांगलं आहे, कायमचं संरक्षण म्हणून नाही. मागे जो तेलकट थर राहतो त्यावर धूळ बसते आणि पुढच्या पावसात तीच धूळ त्रास देते.

आता मूळ प्रश्न. सीलबंद करायला माझा विरोध आहे, का ते सांगतो.

पॉइंट उघडले की कॉइलच्या (व्होल्टेज वाढवणारा भाग) प्रायमरीत म्हणजे पहिल्या गुंडाळीत क्षणभर दोन-तीनशे व्होल्ट तयार होतात, सेकंडरीत म्हणजे दुसरीत त्याचे वीस हजारांच्या आसपास होतात. एवढा दाब प्लगच्या फटीतून उडी मारण्यासाठी असतो, पण त्याला दुसरी सोपी वाट मिळाली तर तो तिकडून जातो. नुसतं स्वच्छ पाणी एवढी सोपी वाट देत नाही. कॅपवर बसलेली धूळ, तेलाची वाफ, कार्बनचा भुगा यात ओल मुरली की ती वाट तयार होते. त्यात सकाळी सेल्फ मारताना स्टार्टर बॅटरीतला सगळा जोर खातो, कॉइलला १२ ऐवजी नऊ-दहा व्होल्टच मिळतात, म्हणजे ओल सगळ्यात जास्त असते तेव्हाच ठिणगी सगळ्यात अशक्त. इंजिन तापलं की कॅप वाळते, डायनॅमो चार्ज करायला लागतो आणि डेक्कन येईपर्यंत गाडी शहाणी होते. तुमची लक्षणं अगदी हीच आहेत.

सील केलं तर काय होतं? आतल्या ठिणगीनं हवेतून ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. त्यांना ओल मिळाली की थोडं थोडं नायट्रिक आम्ल बनतं. पितळी टोकं हिरवी-पांढरी पडतात, पॉइंट काळे पडतात, टायमिंग पुढे-मागे करणाऱ्या वजनांच्या स्प्रिंगा गंजतात. म्हणून तर बहुतेक डिस्ट्रिब्युटरला खाली हवेसाठी भोक ठेवलेलं असतं. आणि तुम्ही सील कराल ती जुलैतली ओली हवा आत कोंडूनच कराल ना. गरम पोळ्यांच्या डब्याला घट्ट झाकण लावलं की झाकणाला आतून पाणी सुटतं, तेच इथे होणार.

नुसताच_वाचक

वाचतोय. फार छान माहिती.

तेलकट_हात

वर पाऊण व्होल्ट साहेबांनी बरोबर लिहिलंय. मी गॅरेजवाला, वडिलांपासून फियाट आणि अँबॅसिडरचं काम. आमच्याकडे डिस्ट्रिब्युटरला डेल्कोच म्हणतात. पार्ट बदलायच्या आधी बघायचं कसं ते सांगतो कारण लोक सरळ सगळं नवीन घेतात आणि नवीन माल जुन्यापेक्षा वाईट निघाला की डोकं धरतात.

पहिलं काम रात्री करायचं. गाडी अंधारात उभी करा, बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा, टॉर्च बंद. प्लग वायरवर, कॅपवर, कॉइलच्या तोंडाशी निळी-जांभळी झगमग दिसते का बघा. काही दिसलं नाही तर झाडांना पाणी मारायच्या बाटलीनं अगदी बारीक फवारा वायरवर आणि कॅपवर मारा. जिथून करंट गळतोय तिथे लगेच दिवाळी दिसेल. हात लावू नका, जोरात झटका बसतो, आणि पंख्यापासून लांब राहा.

दुसरं, कॅप काढून उजेडात तिरकी धरून आतून बघा. मधल्या कार्बनपासून कडेच्या टोकाकडे किंवा दोन टोकांच्या मधे पेन्सिलीनं काढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती कॅप गेली. ती रेघ म्हणजे जळून कोळसा झालेलं बॅकेलाइट, पुसून जात नाही. खरवडून वर वॉर्निश मारून गाडी घरी आणता येते पण तो भरवशाचा इलाज नाही. बारीक तडा पण बघा, केसाएवढा असतो आणि त्यातच पाणी धरून ठेवतो.

तिसरं रोटर. हे कोणी बघतच नाही. रोटरचं प्लास्टिक आतून पंक्चर झालं की करंट सरळ खाली शाफ्टला जातो. कॅप काढा, इग्निशन चालू, कॉइलची मधली जाड वायर लाकडी चिमट्यात धरून रोटरच्या पितळेपासून थोडी वर ठेवा आणि पॉइंट बोटानं नाही तर सुक्या लाकडी काडीनं उघडझाप करा. रोटरवर सटासट ठिणगी पडायला लागली तर रोटर पंक्चर. चांगल्या रोटरवर एखादी बारीक ठिणगी दिसेल, बस.

हे सगळं बघून मग नाना पेठेत जा.

नानापेठी

@तेलकट_हात +१. पण माझं म्हणणं तेच की शेवटी जायचं नाना पेठेतच :)

प्रभातफेरी

माझ्या बाबांची मॉरिस मायनर होती. सील करायच्या मी पण विरोधात आहे. बाबा मे महिन्याच्या शेवटी ठरवून एक रविवार या कामाला द्यायचे. कॅप आणि वायर काढून स्पिरिटनं पुसायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या, मग कॅपला फक्त बाहेरून गाडीचं साधं पॉलिश वॅक्स लावून घासून चमकवायचे. पाणी थेंब होऊन खाली घसरतं, पसरून थर होत नाही. आत काहीही लावायचे नाहीत. वायर काढायच्या आधी प्रत्येकीला कागदी चिठ्ठी चिकटवायची हे माझं काम असायचं, फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

आणि रात्री बॉनेटखाली ६० वॅटचा बल्ब. आमच्या गल्लीत दोन-तीन बंगल्यांत हे चालायचं, पावसाळ्यात रात्री बॉनेटच्या फटीतून उजेड दिसायचा. सकाळी इंजिन कोमट असायचं, ओल धरायचीच नाही.

दोनचारचाकी

बल्बची आयडिया भारी आहे! पण आता घरात सगळे एलईडी. ते गरम होत नाहीत, त्याच्या उजेडात फक्त उंदीर अभ्यास करतील.

पाऊण_व्होल्ट

@प्रभातफेरी ताई, वॅक्सचं अगदी पटलं. बल्बबद्दल मात्र काळजी वाटते म्हणून लिहितो. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत पेट्रोलची वाफ बॉनेटखाली असतेच, फ्लोट चेंबरमधून (कार्बुरेटरमधला पेट्रोल साठवणारा कप) किंवा एखाद्या जुन्या पाइपातून. तिथे काच फुटली किंवा होल्डर सैल झाला तर रात्री कोणाच्या लक्षात पण येणार नाही. बंद गॅरेजमध्ये तर नकोच. त्यापेक्षा फिरवून आणल्यावर इंजिन गरम असतानाच बॉनेट अर्धा तास उघडं ठेवा, छपराखाली अर्थात. इंजिनची स्वतःची उष्णता सगळं वाळवते. बॉनेट लगेच बंद केलं तर तीच वाफ रात्री गार पत्र्यावर पाणी होऊन कॅपवर ठिबकते.

भोरवाटेचा_जीपवाला

अवांतर नाही पण थोडं वेगळं लिहितो. माझ्याकडे जुनी सीजे३बी जीप आहे आणि ताम्हिणीत, वरंध्यात पावसात नेतो. तिथे हवेतल्या ओलीपेक्षा उडणाऱ्या पाण्याचा प्रॉब्लेम जास्त. जुन्या गाडीला पंखा पट्ट्यावर फिरतो, पाण्यात शिरलं की पंखाच पाणी उचलून मागे डिस्ट्रिब्युटरवर फेकतो. त्यामुळे ओढा पार करायच्या आधी पट्टा काढून ठेवायची जुनी पद्धत आहे, पलीकडे गेलं की परत चढवायचा. शहरात एवढं करायची गरज नाही पण साठलेल्या पाण्यातून अगदी हळू, पहिल्या गिअरला जायचं, बाजूच्या बसची लाट यायच्या आत.

सीलबंद इग्निशन अशक्य आहे असं मात्र नाही हं. अमेरिकन लष्कराची १९५०ची एम३८ जीप घ्या, २४ व्होल्टची, तिचं इग्निशन पूर्ण वॉटरप्रूफ होतं. डिस्ट्रिब्युटर आणि कॉइल एकाच बंद डब्यात, प्लगच्या वायरींना सुद्धा धातूचं कवच. पण त्या डब्याला हवा खेळवायला नळ्या जोडलेल्या होत्या. म्हणजे ज्यांनी खरोखर सील केलं त्यांनी पण श्वास घ्यायची सोय ठेवलीच होती. सिलिकॉनची ट्यूब फासणं आणि हे यात फरक आहे.

एरंडवणेकर

@भोरवाटेचा_जीपवाला, वा, हे माहीत नव्हतं. सील करायचा विचार मी सोडला. आज रात्री पाऊस थांबला तर अंधारातली टेस्ट करतो. @तेलकट_हात दादा, तुम्ही फार नीट लिहिलंत.

कोथरूड_डेपो

सगळे करंटच्या मागे लागलेत पण मला वाटतं प्रॉब्लेम पेट्रोलचा आहे. आता सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. उभी राहणारी गाडी, अर्धी टाकी, त्यात पावसाळी हवा, पाणी शोषून शोषून शेवटी तळाला पाणी-इथेनॉलचा वेगळा थर बसतो आणि सकाळी पहिला तोच कार्बुरेटरमध्ये येतो. गाडी कशी उठेल? तुम्ही कॅपला वॅक्स लावा नाहीतर तूप लावा.

तेलकट_हात

@कोथरूड_डेपो भाऊ, तुमचा मुद्दा खोटा नाही. ई२०नं जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम खराब होतात हे रोज बघतोय. पण ओळखायचं कसं ते सोपं आहे. पाण्याचा थर आला तर गाडी थोडी चालून परत बंद पडते, तापल्यावर पण सुधारत नाही, आणि फ्लोट चेंबर उघडला की तळाला पाण्याचे गोळे दिसतात. यांची गाडी तापली की सुरळीत होते आणि ऑक्टोबर ते मे काहीच त्रास नाही. ई२० मे महिन्यात पण तेच असतं. तरी पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत ओली हवा जास्त मावते. यात दुमत नाही.

कोथरूड_डेपो

मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून तेव्हा पाणी शोषत नाही. पण फ्लोट चेंबर बघणं दोन मिनिटांचं काम आहे, धागाकर्त्यांनी बघावं एवढंच म्हणतो.

मॅग्नेटो

छान चाललाय धागा. थोडं मागे जाऊन लिहितो, कारण ओल आणि इग्निशन हे भांडण मोटारीच्या जन्मापासूनचं आहे.

बॉशचा हाय टेन्शन मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्वतःच करंट बनवून ठिणगी देणारं यंत्र) १९०२मध्ये आला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या बऱ्याच गाड्यांत आणि अगदी अलीकडेपर्यंत शेतातल्या इंजिनांत मॅग्नेटोच होता. त्याच्या आतल्या गुंडाळीला जुन्या काळी लाखेचा म्हणजे शेलॅकचा लेप द्यायचे. ही लाख वर्षानुवर्षं ओल पिते, उष्णतेनं मऊ होते आणि मग मॅग्नेटो गार असताना ठिणगी देतो, तापला की देत नाही. बरोबर तुमच्या फियाटच्या उलट लक्षण! अशा मॅग्नेटोला बाहेरून काही लावून उपयोग नसतो, गुंडाळी नव्यानंच करावी लागते.

फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७) मध्ये चार सिलिंडरला चार कॉइल, आणि त्या लाकडी पेटीत. लाकडानं ओल धरली की करंट लाकडातूनच गळायचा. आजही ज्यांच्याकडे टी आहे ते लोक पेटीचं लाकूड बदलतात किंवा आतून प्लास्टिकचा पत्रा लावतात.

आणि १९५९ची पहिली मिनी. इंजिन आडवं बसवल्यामुळे डिस्ट्रिब्युटर थेट पुढच्या जाळीमागे आला, पावसात गाडी हमखास बंद. विलायतेतल्या लोकांनी काय शोधून काढलं तर भांडी घासायचा रबरी हातमोजा! बोटांची टोकं कापायची, एकेका बोटातून एकेक प्लग वायर बाहेर काढायची आणि तळवा कॅपवर ओढायचा. खालून मोकळा राहतो म्हणून हवा लागते, वरून पाणी लागत नाही. दिसायला विचित्र पण तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. चार बोटं चार प्लगला, अंगठा कॉइलला.

प्रभातफेरी

अंगठा कॉइलला :) :) आजच सांगते घरी. पाच बोटं आणि पाच वायर, हिशोब बरोबर जुळतो की.

नुसताच_वाचक

एक शंका. आमच्या घरी जुनी चेतक आहे, ती पावसात उठली नाही की बाबा आडवी करून उभी करायचे आणि मग उठायची. ते पण पाणी काढायला का?

तेलकट_हात

@नुसताच_वाचक नाही, ती गोष्ट पेट्रोलची. आडवी केली की कार्बुरेटरमध्ये पेट्रोल भरून यायचं. पावसात चेतकची प्लग कॅप काढून आतून पुसली की बहुतेक वेळा काम व्हायचं.

शनवारातला

अवांतर: धागाकर्ते, तुमची गाडी ५० वर्षांवरची आहे म्हणजे २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेजमध्ये नोंद करता येईल, नंबरात व्हीए अक्षरं येतात. नवीन नोंदणीची फी २० हजार, १० वर्षांसाठी. केली आहे का?

एरंडवणेकर

@शनवारातला, नाही केली आणि तूर्त करणार पण नाही. त्या नोंदणीत गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. आमची गाडी आजीला घेऊन पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाते, लग्नकार्याला जाते. जुना नंबर पण तसाच ठेवायचा आहे.

शनवारातला

मग बरोबर केलंत. परत करंटकडे वळा.

एरंडवणेकर

रात्रीची टेस्ट झाली! दादांनी सांगितलं तसं अंधारात उभी केली. कोरड्यात काहीच दिसलं नाही. फवारा मारल्यावर दोन ठिकाणी दिसलं. तीन आणि चार नंबरच्या वायरी एका क्लिपमध्ये एकमेकींना चिकटून बांधल्यात तिथे निळी झगमग, आणि कॅपवर मधल्या टॉवरच्या (वायर खोचायच्या उभ्या नळीच्या) बुडाशी. कॅप काढून बघितली तर आत मधल्या कार्बनपासून एका टोकापर्यंत काळी रेघ आहे, स्पष्ट. रोटर चांगला आहे, एकच बारीक ठिणगी दिसली. फ्लोट चेंबर पण उघडला, @कोथरूड_डेपो, तळाला पाणी नाही, थोडा गाळ होता तो काढला.

पाऊण_व्होल्ट

उत्तम! म्हणजे निम्मं काम झालं. तीन आणि चार शेजारी आहेत आणि १-३-४-२ मध्ये एकामागोमाग पेटतात. वायरी चिकटून समांतर गेल्या की तीनच्या ठिणगीचा धक्का चारला लागतो आणि चार वेळेच्या आधी पेटतो. ओल आणि जुनं रबर असेल तर जास्तच. दोन आणि एकचं पण तसंच आहे. त्यामुळे या जोड्यांच्या वायरी लांब-लांब न्या, एकमेकींना ओलांडायचं असेल तर आडव्या ओलांडू द्या, सोबत पळवू नका. मूळ क्लिप असेल तर तिच्या वेगवेगळ्या खाचांतून.

वायरी घेताना तांब्याच्या तारेच्या घ्या की कार्बनच्या हा वेगळा वाद आहे. पॉइंटच्या गाडीला तांबं आणि त्यासोबत रेझिस्टन्सवाल्या प्लग कॅप हे मला आवडतं. रबराच्या टोप्यांच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा, प्लगच्या चिनीमातीवर टोपी बसते तिथे आणि कॅपच्या टॉवरवर. धातूला धातू लागतो तिथे लावू नका, ते ग्रीस विजेला अडवणारं असतं. सिलिकॉन सीलंट वेगळं आणि सिलिकॉन ग्रीस वेगळं, दुकानात नीट सांगा, कारण बऱ्याच बाथरूमवाल्या सीलंटमधून वाळताना ॲसिटिक आम्लाची वाफ येते आणि ती तांबं-पितळ खाते. सीलबंद करायला नको म्हणण्याचं हे अजून एक कारण.

नानापेठी

कॅप घेताना हातात धरून बघा. वजनाला हलकी, कडा खरखरीत, मधला कार्बन दाबला तर परत वर येत नाही अशी घेऊ नका. पितळेऐवजी ॲल्युमिनियमची टोकं असलेली पण मिळते, स्वस्त असते, ओलीत लवकर पांढरी पडते. जुना न वापरलेला माल मिळाला तर सोनं समजा. रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात पण एक चक्कर मारा, सकाळी लवकर.

दोनचारचाकी

जुन्या बाजारात गेलात तर मला पद्मिनीचं मागच्या दाराचं हँडल बघा, डावीकडचं.

एरंडवणेकर

कॅप मिळाली, चांगली जड आहे, पितळी टोकांची. वायरसेट तांब्याचा घेतला, तीन-चारच्या वायरी लांब केल्या. कॅपला बाहेरून वॅक्स. फरक जमीन-अस्मानाचा आहे, पावसात लक्ष्मी रोडच्या गर्दीत एकदाही मिसिंग नाही. पण पहाटेचा त्रास पूर्ण गेलेला नाही. रात्रभर उभी राहिली की सकाळी अजून लांब सेल्फ लागतो, एकदा उठली की मात्र व्यवस्थित.

भोरवाटेचा_जीपवाला

गाडी रात्री कशी झाकता? आणि खाली काय आहे, फरशी की माती?

एरंडवणेकर

पार्किंगला पत्र्याचं छप्पर आहे, खाली माती आणि थोडी खडी. वरून प्लास्टिकचं जाड कव्हर, जमिनीपर्यंत.

भोरवाटेचा_जीपवाला

तिथेच तर आहे सगळं. ओल वरून येत नाहीये, खालून येतेय. पावसाळ्यात माती सतत वाफ सोडते, प्लास्टिक ती बाहेर जाऊ देत नाही, पहाटे हवा गार झाली की तीच वाफ पत्र्यावर, कॉइलवर, कॅपवर बसते. छप्पर आहे तर प्लास्टिक कशाला? सुती कव्हर घाला, गुडघ्याएवढं वर ठेवा म्हणजे खालून हवा फिरेल. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरा आणि वर लाकडी फळ्या किंवा जुनी रबरी चटई. प्लास्टिक गाडीच्या वर नको, खाली हवं. गाड्या गंजतात पण त्यामुळेच.

प्रभातफेरी

+१. आणि कोकणात जाऊन आला असाल तर बॉनेटखालचं सगळं गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसून मग कोरडं करा. खारी हवा कॅपवर मिठाचा थर सोडते आणि मीठ हवेतून पाणी ओढत राहतं. बाबा हर्णैहून आले की आधी हेच करायचे, मग चहा.

मॅग्नेटो

एक गोष्ट अजून बघून घ्या, कॉइलची पोलॅरिटी. प्लगचं मधलं टोक निगेटिव्ह असायला हवं, कारण ते जास्त गरम असतं आणि गरम धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. कॉइलच्या बारीक वायरी उलट जोडल्या तरी गाडी चालते, कोणाला कळत पण नाही, पण ठिणगीला सुमारे १५ ते ३० टक्के जास्त व्होल्टेज लागतं. उन्हाळ्यात ते जमून जातं, पावसाळी पहाटे अशक्त बॅटरीवर जमत नाही. जुन्या इंग्रजी गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेल्या असायच्या, त्या नंतर निगेटिव्ह अर्थला बदलताना कॉइलच्या वायरी तशाच राहिलेल्या मी बऱ्याच बघितल्यात. तुमची फियाट आहे, पण एवढ्या वर्षांत कॉइल कोणीतरी बदललीच असेल.

बघायची जुनी रीत: प्लग वायर प्लगवरून काढा, लाकडी चिमट्यात धरा, वायरचं टोक आणि प्लग यांच्या मधल्या फटीत साध्या पेन्सिलीचं शिसं आणा. पेन्सिल पण चिमट्यातच, हातात नाही. इंजिन चालू. ठिणगीचा केशरी झोत पेन्सिलीपासून प्लगच्या बाजूला फुलला तर बरोबर. वायरच्या बाजूला फुलला तर उलट.

तेलकट_हात

साहेब, हे आमच्या वडिलांनी पण असंच शिकवलं होतं. दोन चिमटे लागतात आणि हातात रबरी मोजे घाला. बोटं कापलेले नकोत :)

एरंडवणेकर

कव्हर बदललं, खाली प्लास्टिक आणि फळ्या टाकल्या. दोन दिवस बघितल्यावर पहाटेचा सेल्फ निम्म्यावर आलाय. आज पेन्सिलीची टेस्ट केली. झोत वायरच्या बाजूला फुलतोय. म्हणजे उलट ना? कॉइलवर + आणि - लिहिलंय, सध्या डिस्ट्रिब्युटरकडची वायर + ला आहे.

मॅग्नेटो

हो, उलट. तुमची गाडी निगेटिव्ह अर्थ आहे ना, बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला? आधी ती खात्री करा. असेल तर बॅटरी सोडवा, डिस्ट्रिब्युटरकडची वायर - ला आणि इग्निशन स्विचकडून येणारी + ला. टायमिंगला हात लावायची गरज नाही, ते बदलत नाही. परत पेन्सिल धरून बघा. वायरी सोडवल्याच आहेत तर कॉइलच्या मधल्या तोंडात टॉर्च मारून हिरवं साचलंय का तेही बघून घ्या, असेल तर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून साफ करा आणि भुगा फुंकून काढा.

एरंडवणेकर

बॅटरीचं निगेटिव्हच बॉडीला आहे. वायरी बदलल्या, आता झोत प्लगच्या बाजूला. कॉइलच्या तोंडात हिरवं होतं, साफ केलं. @दोनचारचाकी, डावीकडचं हँडल जुन्या बाजारात एकाकडे होतं पण क्रोम उडालेलं, घेऊन ठेवू का?

दोनचारचाकी

घ्या घ्या! क्रोम करून घेतो. रविवारी येतो न्यायला.